छानछोकीचा आरोप

गेल्या वैशाखातील गोष्ट. आमच्या पुतण्यास एक स्थळ सांगून आले होते. मुलीचे वडील चौकशीसाठी म्हणून वडनेरास आले, जेवले, ओसरीवर पान खात बसले, आणि घरातील मंडळी आत गेली आहेत अशी खात्री करून घेऊन त्यांनी आम्हांस हळूच विचारिले, "मास्तर, मुलाचे वळण कसे आहे?" घरातील वडीलधाऱ्यास हा प्रश्न केला जातो तेव्हा उत्तर बहुधा ठरलेले असते, व आम्हीही ते दिले. मुलगा हिंगणघाटास कापसाच्या एका पेढीवर हिशेब लिहितो, वेळेवर घरी येतो, सुपारीचेदेखील व्यसन नाही. येथे थांबावयास हवे होते. परंतु आयुष्यभर इतरांच्या चुका तपासलेल्या माणसास निर्दोष उत्तरपत्रिका पाहवत नाही. आम्ही हसून म्हणालो, "कपड्यांचा तेवढा शौक आहे, बाकी काही नाही." तेही हसले. आठ दिवसांनी पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला. खरे कारण मागाहून मध्यस्थांनी सांगितले. मुलगा छानछोकीचा आहे असे प्रत्यक्ष काकाच म्हणतात, मग बाहेर आणखी काय विचारावयाचे, असे त्या मंडळींचे म्हणणे पडले.

त्या गृहस्थांस आम्ही दोष देत नाही. त्यांच्या जागी आम्ही असतो तर तेच केले असते. कपड्यांची आवड असलेला पुरुष म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक चित्र आपोआप उभे राहते. तो उधळ्या असावयाचा, आरशापुढून हलत नसावयाचा, त्याच्या डोक्यात काही नसावयाचे, आणि बहुधा त्याच्या पुरुषार्थाविषयीही थोडी शंका घेण्यास हरकत नाही, असे आपण धरून चालतो. आपल्या भाषेने या माणसासाठी शब्दांचा केवढा साठा करून ठेविला आहे! गुलहौशी, रंगेल, नखरेल, छबेला, खुशालचेंडू, टिकोजीराव. यांतील एकही शब्द आईने मुलास मायेने लावावा असा नाही. उलट ज्याच्या सदऱ्याची गुंडी नेहमी तुटलेली आणि धोतराचा सोगा जमिनीवर लोळणारा, त्यास आपण भोळा सांब म्हणतो. अव्यवस्थेस देवाचे नाव आणि व्यवस्थेस तमासगिराचे, असा हा न्याय आहे.

पुतण्याचा शौक म्हणजे तरी काय, हे आम्ही त्या निरोपानंतर प्रथमच नीट पाहिले. तोपर्यंत आमच्या धाकट्या बंधूंचे, म्हणजे त्याच्या वडिलांचे, मत तेच आमचे मत होते. पोरगा पगार अंगावर उडवितो, असे बंधूंनी अनेकदा बोलून दाखविले होते. आम्ही एके दिवशी हिशेब मागितला, तेव्हा त्याने काही न बोलता वही पुढे ठेविली. वर्षभरात त्याने दोन सदऱ्यांचे कापड घेतले होते, शिलाई दिली होती आणि जुन्या जोड्यास नवा तळ बसवून घेतला होता. त्याच आठवड्यात भावजयीने बंधूंचे कपाट आवरावयास काढले, तर त्यातून अकरा विजारी निघाल्या, पैकी नेसण्याजोग्या चार. पुतण्याजवळ सदरे मोजके, परंतु प्रत्येक स्वतः धुतलेला, सावलीत वाळविलेला आणि इस्त्रीची घडी मोडू नये अशा बेताने ठेविलेला. कापड दोन बोटांत धरून तो सूत कोणत्या जातीचे ते सांगतो. बसस्थानकाजवळच्या शिंप्याकडे जाऊन काजाचे टाके मोजतो, व शिंपीही न रागावता ते उसवून पुन्हा घालतो. हे मात्र आम्हांस अजून थोडे जास्त वाटते.

आता हा दोष आमच्या घरापुरता नाही. आमच्या जिल्ह्याच्या हवेतच साधेपणा आहे. गांधीजी १९३६ साली ज्या शेगावात राहावयास आले व ज्याचे पुढे सेवाग्राम झाले ते येथून दूर नाही. पवनारास विनोबा होते. आमच्या लहानपणी चांगला मनुष्य म्हणजे खादीचा मनुष्य असे समीकरण होते, आणि ज्याच्या अंगावर परीटघडी त्याच्याकडे थोडे वाकडे पाहिले जाई. परंतु ज्यांच्या नावाने हे वळण पडले त्यांनी स्वतःविषयी काय लिहून ठेविले आहे, हे आपण विसरतो. गांधीजी १८८८ साली विलायतेस गेले तेव्हा सभ्य गृहस्थ होण्याच्या नादात त्यांनी एकोणीस शिलिंगांची उंच टोपी घेतली, बाँड स्ट्रीटवर दहा पौंड देऊन सायंकाळचा पोषाख शिवविला, आणि रोज दहा मिनिटे मोठ्या आरशापुढे उभे राहून गळपट्टा बांधण्यात व भांग पाडण्यात घालविली. हे सर्व त्यांनीच आत्मचरित्रात सांगितले आहे. तो नाद काही महिन्यांत ओसरला, पण पोषाखातील काटेकोरपणा आपल्याला वर्षानुवर्षे चिकटून राहिला, अशीही कबुली तेथे आहे. आमच्या मते तो कधीच सुटला नाही. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरेस त्यांनी पंचा स्वीकारला, तो काय नेसावे याचा विचार सोडून नव्हे, त्या विचाराच्या टोकास पोहोचून. ज्या माणसाने आरशापुढे दहा मिनिटे घालविली नसती, त्यास वस्त्राने कोट्यवधी लोकांशी बोलता येते हे सुचले असते की नाही, याची आम्हांस शंका आहे.

वर्ध्यास मगनसंग्रहालय आहे. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते ते उघडले गेले. तेथे पुतण्याबरोबर आम्ही एकदा गेलो. चरखे, सूत आणि कापड पाहत हा मुलगा ज्या तन्मयतेने उभा राहिला, ती पाहून आम्हांस आमच्या तरुणपणचे खादीचे कार्यकर्ते आठवले. सुताचा नंबर किती, पीळ सारखा आहे की नाही, उभा धागा कोठे तुटला, यावर ते तासन् तास वाद घालीत आणि आम्ही त्यास देशकार्य म्हणत असू. हाच वाद पुतण्याने घातला की ती छानछोकी!

आणि आमच्या वडिलांचे काय? ते पूजा आटोपून बाहेर पडावयाचे तेव्हा धोतराच्या निऱ्या घालण्यात त्यांचा पाऊण तास जाई. एक निरी मागेपुढे झाली तर सर्व सोडून पुन्हा आरंभ. उपरण्याची किनार कोणत्या खांद्यावर किती दिसावी हेही ठरलेले होते. आम्ही भावंडे दाराआड उभी राहून ते पाहत असू, व त्यास शिस्त म्हणत असू. पुण्याकडे तर पगडी बांधून देणारे पगडबंद हा स्वतंत्र धंदाच होता, आणि २००९ साली पुणेरी पगडीस सरकारदरबारी भौगोलिक मानांकनही मिळाले. पूर्वजांचा नखरा वारसा ठरतो, पुतण्याचा मात्र नखराच राहतो.

गेल्या कार्तिकात पुतण्याने एक प्रस्ताव मांडला. त्याच्यासारख्या शौकिनांचे एक स्नेहमंडळ आहे. त्यांतील चौघे मित्र कापसाची वेचणी पाहावयास येऊ इच्छितात, त्यांना दोन दिवस घरी ठेवून घ्यावे. हिंगणघाटच्या कापसाचे नाव एके काळी विलायतेच्या बाजारात घेतले जाई, हे त्यांस ठाऊक होते; आमच्या गावातील किती जणांस ठाऊक असेल ते सांगवत नाही. घरात मोठी चर्चा झाली. ते काट्याचमच्याने जेवतील काय, न्हाणीघर त्यांस चालेल काय, ओसरीवर बसले तर विजारीस सारवण लागेल काय. आमच्या मातोश्रींनी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, "आरसा हॉलात लावून ठेवा, म्हणजे आत-बाहेर करणार नाहीत," असा उपाय सुचविला.

चौघे आले ते आमच्या अपेक्षेची पार निराशा करीत आले. एक यंत्रशास्त्र शिकलेला, एक अमरावतीकडील कापडदुकानदाराचा मुलगा, एक पुण्यास शाळेत गणित शिकविणारा, आणि चौथा नागपूरच्या एका रुग्णालयात रात्रपाळीस परिचारक. गणितवाल्याच्या सदऱ्याची कॉलर झिजल्यामुळे उलटवून पुन्हा शिवलेली होती, आणि हे तो लपवीत तर नव्हताच, उलट अभिमानाने दाखवीत होता. भावजयीने ते पाहिले मात्र, तिचा चेहराच बदलला. कारण ही विद्या तिच्या आईस येत असे व आपल्या घरात ती कोणी विचारीत नाही हे तिचे जुने दुःख होते. त्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून एक गणिताचा शिक्षक आणि आमची भावजय रफूच्या टाक्यावर बोलत होती, आणि आमटी उतू गेली.

त्यांच्यात दोष नव्हते असे लिहिले तर ते खरे होणार नाही. दुकानदाराचा मुलगा बंधूंच्या चकचकीत टेरिकॉटच्या विजारीकडे पाहून दुसऱ्याच्या कानात काही पुटपुटला व दोघे हसले. पुतण्या लाल झाला. आपल्यास जे कळते ते दुसऱ्यास कळत नाही याचा उन्माद तेथेही आहेच. शिवाय त्यांची कीस काढण्याची हौस! कोटाच्या बाहीतून सदऱ्याची बाही अर्धा बोट दिसावी की पाऊण, यावर रात्री अकरा वाजेपर्यंत वाद चालला. आम्ही प्रथम कंटाळलो, मग एकाएकी हसू आले. अर्धी मात्रा वाचली तर वैयाकरणास पुत्रजन्माचा आनंद होतो, असे आमच्याच शास्त्रात म्हटलेले आहे. पाठशाळेत आम्ही एका प्रत्ययावरून मित्राशी तीन दिवस अबोला धरला होता. हे तेच लोक होते. यांचे व्याकरण तेवढे कापडाचे होते.

यंत्रशास्त्रवाल्याने ब्रमेल नावाच्या इंग्रजाची हकीकत सांगितली. छानछोक पुरुष म्हटला की पाश्चात्त्य लोक आजही या ब्रमेलचे नाव घेतात. जन्म १७७८ चा. पण त्याने केले काय, तर भडक रंगांचा बडेजाव बाजूस सारून स्वच्छ पांढरा सदरा आणि अंगाबरोबर बेतलेला साधा गडद कोट रूढ केला. आज जगभर कचेऱ्यांतून जो सोज्ज्वळ पोषाख दिसतो त्याचे मूळ बरेचसे तेथे आहे. कर्जापायी १८१६ साली तो फ्रान्सास पळाला आणि १८४० साली कां येथील वेड्यांच्या रुग्णालयात वारला. साधेपणा आणणाऱ्यास लोकांनी नटवा ठरविले हा त्या तरुणाचा मुद्दा होता. कर्ज त्याने केलेच होते, हा बंधूंचा. दोघेही बरोबर असावेत.

आम्हांस त्या वेळी आठवले ते मृच्छकटिक. ते आम्ही कित्येक वर्षे शिकविले. त्यात दोन प्रावारक येतात. एक चारुदत्ताचा, जाईच्या फुलांनी सुगंधित केलेला. त्या वासावरून वसंतसेना ताडते की दारिद्र्यातही या पुरुषाचे रसिकपण मेलेले नाही. पुढे कर्णपूरक मत्त हत्तीपासून एका भिक्षूचे प्राण वाचवितो, तेव्हा देण्यास अंगावर अलंकार उरला नाही म्हणून चारुदत्त तोच प्रावारक त्यास देऊन टाकतो. दुसरा प्रावारक शकाराचा, लांब दशांचा; तो शकार विटास देऊ करितो, तो वसंतसेनेस ठार करण्याचे मोल म्हणून. प्रावारक दोन्ही सुंदरच असतील. शूद्रकाने वस्त्रावरून मनुष्य ओळखू दिला नाही, वस्त्राचे तो काय करितो यावरून ओळखू दिला. हे आम्ही मुलांकडून पाठ करवून घेतले, प्रश्न घातले, गुण दिले.

रात्रपाळीचा तरुण बहुतेक वेळ गप्प होता. दुसऱ्या दिवशी शेतातून परत येताना तो आमच्याबरोबर मागे राहिला. आम्ही सहज विचारिले, "तुम्हांस हा छंद कसा लागला?" तो म्हणाला, "सर, छंद नाही म्हणता येणार. चांगला इस्त्रीचा शर्ट असला की फाटकावर पहारेकरी अडवत नाही. नसला की अडवतो. माझ्या बाबांना अडवायचे." थोडे चालून गेल्यावर त्याने आणखी सांगितले. त्याचे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षेस गेले होते. तेथे लाखो लोक पांढरी वस्त्रे नेसून आले, हे आपण वाचलेले असते. त्या पांढऱ्या वस्त्रांतील एक सदरा त्यांच्या घरी पेटीत आहे. दसऱ्यास तो काढतात, ऊन दाखवितात व पुन्हा ठेवतात. ती घडी घालावयास आजीने त्यास शिकविले, आणि शौकाचा आरंभ तो.

यानंतर आम्ही त्याच्याशी फारसे बोलू शकलो नाही. कारण आम्हांस दुसरी एक घडी आठवली होती.

पस्तीस वर्षांपूर्वी आम्ही तालुक्यातील एका शाळेवर होतो. ती वडनेरची नव्हे. आठवीच्या वर्गात नाल्यापलीकडच्या वस्तीतून एक मुलगा येई. गणवेष सर्वांचा तोच, पांढरा सदरा व खाकी चड्डी, परंतु याच्या सदऱ्यावर रेघेसारखी घडी, केस चोपून बसविलेले, खिशात चौकोनी हातरुमाल. पावसाळ्यात वर्गात गळे, तेव्हा तो खाली कागद पसरून बसे. एके दिवशी कागद पसरीत असता आम्ही वर्गादेखत म्हणालो, "या टिकोजीराव! शाळेत आलात की वरातीला?" वर्ग खदखदला. मुलांच्या तोंडी तेच नाव बसले, वर्षभर राहिले, व आम्ही ते ऐकूनही बंद केले नाही.

फाल्गुनात त्याचा बाप आला. जिनिंगमध्ये गाठी उचलणारा मनुष्य. अंगात धुवट बंडी. तो दाराशीच उभा राहिला. रागावून नव्हे, विचारल्यासारखा तो बोलला, "गुरुजी, त्याची माय रातच्याला तांब्यात इंगळ भरून सदरा दाबते. बाबासाहेबानं सांगतलं होतं, साफ राहा. पोरगं मळकं आलं तं लोक म्हनते, हे लोक असेच. धुतलं आलं तं तुमी हासता. मंग त्यानं यावं कसं?"

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. मूकपणे मान हलविली, एवढेच. दुसऱ्या दिवशी वर्गात चार शब्द बोलता आले असते. तेही बोललो नाही. पुढील वर्षी तो मुलगा शाळेत नव्हता. दाखल्यावर वर्गशिक्षक म्हणून सही आमची आहे.

बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडास स्त्रियांपुढे भाषण केले, ते आम्ही पुष्कळ वर्षांनी वाचले. लुगडे वरिष्ठ वर्गांतील स्त्रिया नेसतात तसे नेसा, जातीची खूण पटविणारे ते गळाभर आणि हातभर दागिने टाका, वस्त्र फाटके असले तरी स्वच्छ असू द्या, असा त्याचा आशय आहे. कोणी कसे नेसावे हे ज्यांच्यासाठी शतकानुशतके दुसऱ्यांनी ठरविले, त्यांस घडीचा सदरा म्हणजे काय असतो, हे आम्हांसारख्यास कळण्यास कारणच नव्हते. आमच्या मळक्या धोतराकडे पाहून आमची जात कोणी वाईट ठरविली नसती. विद्वान मनुष्य, त्यास कपड्यांचे भान कोठले, असेच म्हटले असते. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले पुढारी सूट घालीत तेव्हा तो त्यांचा पेशा होता. बाबासाहेबांनी घातला की आमच्याच ओसरीवर त्यास 'साहेबी थाट' म्हटलेले आम्ही लहानपणी ऐकले आहे. कोणी म्हटले ते लिहीत नाही. ते आता हयात नाहीत.

पाहुणे गेल्यावर त्याच रात्री आम्ही पुतण्यास वैशाखातील ते वाक्य सांगितले. इतके महिने घरात कोणास सांगितले नव्हते. तो आमच्या जुन्या काळ्या कोटाचे अस्तर पाहत बसला होता. ते आठ वर्षांपासून फाटले आहे, आम्ही खिशात टाकलेली किल्ली दर वेळी अस्तरात उतरते. तो म्हणाला, "काका, तुम्ही खोटं तर काही सांगितलं नाही." आम्ही म्हणालो, "खरे ज्या स्वरात सांगितले तो स्वर खोटा होता." यावर तो काही बोलला नाही. मुलीच्या वडिलांस आम्ही पत्र लिहून खुलासा केला. त्यांचे सौजन्याचे उत्तर आले. मुलीचा विवाह मार्गशीर्षातच ठरला होता.

त्या विद्यार्थ्याची गोष्टही आम्ही पुतण्यास सांगितली. पौषात तो आम्हांस घेऊन त्या वस्तीत गेला. निघण्यापूर्वी त्याने कोट इस्त्री करून दिला. अस्तर हाताने शिवले होते. नाल्यावर आता पूल आहे. घर सापडले, पण त्यात दुसरे कुटुंब राहते. शेजारच्या वृद्ध बाईने आम्हांस वरपासून खालपर्यंत पाहून घेतले आणि मग सांगितले की माय-बाप दोघेही गेले, मुलगा चंद्रपूरकडे वीजखात्यात आहे, त्यास दोन मुली आहेत. पत्ता तिने नातवाकडून लिहवून दिला.

तो कागद आमच्या मेजावर आहे. पत्र लिहावयास बसलो आहो, पण मायन्यापाशीच पाच दिवस अडलो. विद्यार्थी म्हणून 'चिरंजीव' लिहावे, तर तो अधिकार आम्ही ठेविला आहे काय; आणि 'श्रीयुत' लिहावे, तर आम्ही कोण, हे पुढच्या ओळीत सांगावे लागते. पुतण्या म्हणतो, नाव लिहा, पूर्ण नाव, आणि खाली 'यांस' एवढेच. पण ते पूर्ण नाव आठविण्यासाठी आम्हांस त्या बाईने दिलेला कागद पाहावा लागला. वर्षभर वर्गात ऐकले होते ते दुसरेच.